वार्धक्यातील औषधांचा अतिरेक : नांदेड-लातूरच्या संदर्भात ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वैद्यकीय सुविधांचा अभाव हा मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासातील एक प्रमुख प्रश्न होय. नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. खाजगी रुग्णालये व औषधांची दुकानेही वाढली. औषध मिळण्याचा प्रश्न काही अंशी सुटला. मात्र वृद्धांच्या बाबतीत औषधांच्या अतिरेकाचा नवा प्रश्न निर्माण झाला.

औषधनियंत्रणाची वाटचाल

१९४० च्या औषध कायद्याचा भर औषधांचा दर्जा व विक्री यांवर होता. हाथी समितीने १९७५ मध्ये ११७ अत्यावश्यक औषधांची यादी सुचविली. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. न्यायालयीन वादानंतर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर ती नव्याने लागू झाली. या सर्व टप्प्यांत विचार झाला तो औषधाचा; ते घेणाऱ्या वृद्धाचा नव्हे. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी अयोग्य ठरणाऱ्या औषधांचे निकष मांडले, ही या संदर्भातील महत्त्वाची घटना होय.

औषधांची बेरीज

वयोमानानुसार मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटते व औषध शरीरात अधिक काळ राहते. रक्तदाबावरील अम्लोडिपीनमुळे पायांवर सूज येऊ शकते. तो नवा आजार समजून लघवीचे औषध दिले जाते. त्यामुळे पाणी व क्षार कमी होऊन चक्कर येते आणि चक्करेसाठी आणखी एक गोळी सुरू होते. त्यात गुडघेदुखीवरील वेदनाशामकाची भर पडल्यास मूत्रपिंडाला इजा संभवते. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात हा धोका वाढतो. झोपेच्या गोळीने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडू शकते. कंधार किंवा उदगीर तालुक्यातील वृद्ध गावातील डॉक्टरांकडून शहरातील दोन-तीन तज्ज्ञांकडे गेल्यास प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे योग्य असूनही त्यांची बेरीज घातक ठरू शकते.

निष्कर्ष

अभावाच्या काळात अधिक औषध म्हणजे अधिक उपचार, ही समजूत स्वाभाविक होती. आज ती तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक भेटीत घरातील सर्व गोळ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवल्या जाव्यात व अनावश्यक औषधे त्यांच्याच सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने थांबविली जावीत. औषध सुरू करण्याइतकेच ते थांबविणे हेही उपचाराचेच अंग आहे.