बुडते ते बी, तरंगते ते विष : बाजरी, मीठ आणि घनता

१/ खरिपाच्या तोंडावर मराठवाड्यातील शेतकऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो : बाजरीचे बियाणे पेरणीपूर्वी मिठाच्या २० टक्के द्रावणात बुडवावे आणि वर तरंगेल ते काढून नष्ट करावे. सल्ला दोन ओळींचा आहे. पण त्याच्यामागे विषबाधेचा आणि घनतेच्या संकल्पनेचा इतिहास आहे. त्यासाठी हा धागा.

२/ साल १९५६. परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झाले ते याच वर्षी, आणि १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्याच सुमारास मुंबई राज्यात, साताऱ्याच्या भागात, बाजरीवर अरगट हा बुरशीजन्य रोग साथीच्या स्वरूपात दिसून आला.

३/ बाजरी फुलोऱ्यात असताना ही बुरशी फुलात शिरते. आधी कणसावर मधासारखा चिकट द्रव पाझरतो. नंतर दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठ तयार होते. मळणीत ही गाठ धान्यात मिसळते. ती बियाण्यातून पुन्हा शेतात जाते आणि धान्यातून थेट जात्यात.

४/ अशा बाजरीची भाकरी खाणाऱ्यांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५६-५७ मध्ये मुंबई राज्यात आणि १९७५ मध्ये राजस्थानात अशा विषबाधेच्या नोंदी झाल्या. मध्ययुगीन युरोपात राय या धान्यावरील अरगटाने माणसांचे हातपाय सडत असत. बाजरीवरील बुरशी त्याच कुळातील असली तरी तिची विषद्रव्ये वेगळी आहेत.

५/ प्रश्न असा की गाठी वेगळ्या कराव्यात कशा? सुपात पाखडताना फोल उडते. पण दाण्याएवढ्याच आकाराची गाठ मागे राहते. साध्या पाण्यात टाकले तरी सगळ्या गाठी खात्रीने वर येत नाहीत. गाठ दाण्यापेक्षा हलकी असते खरी, पण फरक थोडा असतो. म्हणून असा द्रव हवा, ज्याची घनता गाठ आणि दाणा यांच्या मधोमध असेल.

६/ तो द्रव मीठ बनवते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवले की वस्तुमान १२ किलो होते. आकारमान मात्र १२ लिटर होत नाही; ते सुमारे १०.७ लिटरच भरते. मिठाचे सूक्ष्म कण पाण्याच्या रेणूंमध्ये सामावतात. १२ भागिले १०.७, म्हणजे लिटरमागे सुमारे १.१२ किलो. या द्रावणात निरोगी दाणा बुडतो, गाठ तरंगते.

७/ यामागचे तत्त्व इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडले होते. ते बियाण्याच्या निवडीसाठी मापून वापरण्याचे श्रेय जपानच्या योकोई तोकियोशी यांना दिले जाते. १८८२ मध्ये त्यांनी भाताचे भरलेले बी निवडण्याची मीठपाण्याची रीत शोधली. तेथे साध्या भातासाठी सुमारे १.१३ घनतेचे द्रावण वापरतात. घनतामापक नसेल तर शेतकरी द्रावणात ताजे अंडे सोडून पाहत. अंडे किती वर येते यावरून मिठाचा अंदाज बांधत.

८/ कोकणातील भातासाठी मात्र आपल्याकडे ३ टक्के द्रावण सांगतात, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ. तेथे मुख्यतः पोचट बी वगळायचे असते, त्यामुळे घनता किंचित वाढवली तरी भागते. अरगटाच्या गाठीसाठी एवढे मीठ अपुरे आहे. पदार्थ तेच, मीठ आणि पाणी. पण काय वेगळे करायचे त्यावर प्रमाण ठरते.

९/ या रीतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. १९६५ मध्ये एचबी-१ हा संकरित वाण आला आणि पुढे संकरित बाजरीचा प्रसार वाढला, तशी अरगटाची समस्याही वाढली. जमिनीत पडून राहिलेल्या गाठींना मीठ काही करू शकत नाही. त्यासाठी खोल नांगरट आणि पिकांची फेरपालट लागते. बुडालेले बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, नाहीतर मीठच उगवणीला बाधते. आणि तरंगलेले कोंबड्यांना किंवा गुरांना कधीही घालू नये.

१०/ परभणीत १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वाण, औषधे, यंत्रे बदलत गेली. मिठाच्या पाण्याची ही शिफारस मात्र अजून टिकून आहे, कारण तिला लागते फक्त एक टोपले, एक तराजू आणि किराणा दुकानातले मीठ. शाळेत घनतेचे सूत्र पाठ करताना हे टोपले आठवावे. एका लिटरमागचे ते १२० ग्रॅम अधिक वजन कुणाच्या तरी भाकरीतले विष वर आणते.