मोहाखालची बैठक

इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर 1845 साली बांधलेला वॉरन हाउस इन नावाचा पब आहे. त्याच्या चुलीतला विस्तव तेव्हापासून विझलेला नाही, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. याच माळावरच्या क्रॅनमिअर पूल या दलदलीच्या जागी 1854 साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. तिथवर चालत जाणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचं. उपग्रहाच्या मदतीने लपवलेले डबे हुडकण्याचा जिओकॅशिंग हा खेळ 2000 साली अमेरिकेत सुरू झाला, त्याचा हा पूर्वज. या खेळाची मंडळी आजही पबमध्ये जमतात, ओळखी करून घेतात आणि त्या जागेच्या दंतकथा ऐकतात. तिथे पब हा वारसा समजला जातो. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जिवतीच्या पहाडावर, पेय, पाहुणा आणि गोष्ट यांना एकत्र आणणारी अशीच एक रीत होती, पण तिची सरकारी नोंद झाली ती आबकारीच्या कागदांत. माझं म्हणणं असं की राज्यकर्त्यांनी त्या बैठकीतली फक्त दारू पाहिली. परिणामी दारू टिकली आणि बैठक मोडली.

ही बैठक काय होती, याचा सगळ्यात भक्कम पुरावा पहाडाच्या पलीकडच्या, आता तेलंगणात असलेल्या उतारावरून येतो. राजुरा तालुका, आणि त्यात आजची जिवतीही, तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1940 मध्ये जोडेघाटला, निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमराम भीम गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांना गोंडांच्या असंतोषाची कारणं शोधायला पाठवलं. त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ 1948 साली निघाला. त्यात दिसतो तो परधान: गोंड यजमानांच्या घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला कथागायक, हातात गजाने वाजवायची तीन तारांची किंगरी. कुळाचा देव पेरसा पेन कुठून आला, कोणतं कुळ कुठल्या वाटेने गेलं, हे त्याला मुखोद्गत. मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावं असं हे की हे परधान घरी मराठी बोलत आणि गात मात्र गोंडीत. शेजारच्या कोलाम जमातीकडे स्थानिक देवतांचं पुजारीपण होतं आणि त्यांच्या पूजेला गोंडही मान देत. दिवाळीत दंडारी नाचाचे जथे, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नर्तक पुढे करून, गावोगाव जात. यजमान गाव त्यांना जेवू घाली. म्हणजे माणसं ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने, दुसऱ्याच्या गावी जमत होती. या साऱ्या जमण्यात मोहफुलांची दारू होतीच.

मोहाचं काम बघितलं तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो. बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचतात, कारण उशीर झाला तर गुरं आणि रानातली जनावरंही तिथे येतात. फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुलं उन्हात वाळली की मनुक्यासारखी तपकिरी होतात. ती भाकरीत पडतात, विकली जातात, आणि त्यातलीच काही पाण्यात भिजत घालून सडवा होतो. तो मडक्यात चुलीवर चढवायचा, वाफ थंड करून थेंब थेंब उतरवायचा. जन्म, लग्न, मरण, पूर्वजांची पूजा यांना हे लागतं. पिण्याआधी काही थेंब जमिनीवर पूर्वजांच्या नावाने सांडतात. जे आधी देवाला आणि मेलेल्याला द्यायचं, ते कधी, कुणी, कुणासोबत घ्यायचं हेही ठरलेलं असतं. रीत म्हणजे मर्यादासुद्धा.

निजामाच्या राज्यात आबकारी हे उत्पन्नाचं मोठं खातं होतं, आणि घरच्या चुलीवर उतरलेला मोह त्या खात्याच्या दृष्टीने बुडालेला महसूल होता. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात आलं, 1956 च्या पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात गेला आणि 1959 साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. सरकार बदललं, नजर बदलली नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने दारूच काय, मोहफुलं बाळगणं आणि नेणंही नियमांत अडकवलं. हे निर्बंध सैल व्हायला 2021 उजाडावं लागलं. इतकी वर्षं जंगलातलं फूल संशयित, आणि परवाना असलेल्या दुकानातली बाटली कायदेशीर!

यावर आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे: दारूने घरं उद्ध्वस्त केली, तिचं कसलं कौतुक? 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या लढ्यातून. 2010 मध्ये चंद्रपूरच्या बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. त्या बायकांचं दुःख खरं होतं आणि त्यांचा लढा न्याय्य होता. मात्र घर बुडवते ती विकायला काढलेली दारू: रोज मिळणारी, रोख पैशाने, एकट्याने ढोसायची. तिला ना देव लागतो, ना पाहुणा, ना परधान. परवान्याचं दुकान आणि चोरटी हातभट्टी या एकाच बाजाराच्या दोन बाजू आहेत, आणि बैठकीतली मर्यादा दोन्हींत नाही.

दुसरा आक्षेप असा की कथा संपल्या त्या कायद्याने नव्हे, शाळा आणि टीव्हीने. यात तथ्य आहे, पण अर्धंच. परधानाचं पोट यजमानाच्या शेतावर अवलंबून होतं. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, जमिनी हातातून गेल्या, तशी यजमानाची दान देण्याची ताकद गेली. हायमेंडॉर्फ यांच्या अहवालांत या जमिनीच्या प्रश्नाला मोठी जागा आहे. टीव्ही फार नंतर आला. जंगलखातं आणि आबकारी खातं, दोघांनी मिळून ही रीत आधीच पोखरली होती.

आणि दंतकथांना इतिहास म्हणावं का? जिवतीजवळचा माणिकगड पाहावा. तो माना जमातीच्या नागवंशी राजांनी बांधला असं परंपरा सांगते. तारखेसाठी तिच्यावर विसंबता येणार नाही, पण गोंडांच्या आधी या डोंगरात दुसऱ्या कुणाची सत्ता होती, ही आठवण ज्यांनी लिहिलं नाही त्यांनी गाऊन आणि सांगूनच जपली आहे. तेवढ्यासाठीही तो पुरावा मोलाचा आहे.

मग आता करायचं काय? 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांच्या विक्री-सेवनाचं नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि जिवती-राजुऱ्याकडची बरीच गावं या क्षेत्रात आहेत. विक्री बंद करावी की नाही, पूजेचा मोह किती आणि केव्हा, हे त्या ग्रामसभांनी, बायकांच्या बहुमताने, ठरवावं. विद्यापीठांनी त्याच वेळी दुसरं काम हाती घ्यावं: किंगरी वाजवणारे परधान अजून आहेत तोवर त्यांच्या कथा त्यांच्या नावाने, योग्य मानधन देऊन, गोंडी आणि मराठी दोन्हींत नोंदवून घ्याव्यात.