गांजासेवन आणि एचआयव्हीतील दाह

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या शरीरात, औषधांनी विषाणू दबल्यानंतरही रेंगाळणाऱ्या दाहावर गांजा, चरस वा भांग यांचा होणारा संभाव्य परिणाम. ही नोंद पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचा संदर्भ धरून केली आहे.

संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच एचआयव्ही आतड्याच्या अस्तरातील सीडी४ या प्रतिकारपेशींचा फडशा पाडतो. अस्तर कमकुवत झाले की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि मोनोसाइट पेशी कायमच्या चेतलेल्या राहतात. एआरटी (विषाणूरोधी उपचार) गोळ्यांनी विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली येतो. पण आयएल-६, डी-डायमर, विद्राव्य सीडी१४ अशा दाहनिदर्शकांची रक्तातील पातळी पूर्ववत होतेच असे नाही. हृदयविकाराचा वाढीव धोका या धुमसत्या दाहाशी जोडला जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिप्रीव्ह चाचणीत (७,७६९ सहभागी, भारतासह १२ देश) पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध घेणाऱ्या बाधितांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक मेंदूतल्या सीबी१ आणि मुख्यतः प्रतिकारपेशींवर असणाऱ्या सीबी२ ग्राहींना चिकटतो. सीबी२ चेतवला की दाह वाढवणारे काही संदेश मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसते. माणसांतही तसा इशारा मिळतो. २०१८ मधील दोन अमेरिकी अभ्यासांपैकी एकात जास्त गांजा घेणाऱ्या बाधितांत चेतलेल्या टी-पेशी कमी होत्या. दुसऱ्यात सीडी१६ धारण करणारे मोनोसाइट आणि आयपी-१० हे प्रथिन कमी होते. त्याआधी २००३ मधील २१ दिवसांच्या छोट्या चाचणीत गांजामुळे विषाणूभार वाढल्याचे आढळले नव्हते. मात्र २०१८ चे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. गांजा ओढणारे आणि न ओढणारे यांत तंबाखू, दारू, आहार असे फरक आधीपासूनच असू शकतात. शिवाय रक्तातला आकडा उतरला म्हणजे हृदयाचे झटके टळले, असे अद्याप कोणी दाखवलेले नाही. उलट प्रतिकारपेशी मंदावणे हे क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात सरसकट शुभवर्तमान मानता येत नाही.

अमेरिकी निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावण्यात आणखी एक अडचण आहे. इथला गांजा बहुधा एकटा येत नाही. तळहातावर तंबाखूसोबत मळून, चिलमीत खड्यावर भरून, ओल्या फडक्यातून तो ओढला जातो आणि चिलीम हातोहात फिरते. तंबाखूचा धूर स्वतःच दाह वाढवतो, आणि बंद खोलीत एकत्र बसून खोकत ओढणे क्षयाला आमंत्रण ठरते. महाशिवरात्रीची भांग पोटात जाते; तिच्यात धूर नसला तरी परिणाम उशिरा आणि बेभरवशाचा असतो.

भोरच्या पूर्व अंगाने पुणे-सातारा महामार्ग नसरापूर, कापूरहोळवरून जातो. पश्चिमेला डोंगर, आणि वेल्ह्यात पानशेत-वरसगाव धरणांमागची विखुरलेली गावे. ससून रुग्णालयासारखे मोठे उपचारकेंद्र पुणे शहरात. पावसाळ्यात एसटी चुकली की औषधांची खेपच बुडते. दाहाच्या दृष्टीने नेमकी हीच बाब जड आहे. २००६ च्या स्मार्ट चाचणीत उपचार मधूनमधून थांबवलेल्यांत मृत्यू आणि हृदयविकार वाढले, तसेच आयएल-६ व डी-डायमरही चढले. गांजाने दाह किती उतरतो याबद्दल वाद आहे. गोळी थांबवल्याने दाह चढतो, याबद्दल वाद नाही. म्हणून नशेपायी गोळ्या चुकतात का, हा इथे पहिला प्रश्न आहे. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळते. २०१७ पासून निदान होताच, सीडी४ संख्या न पाहता, ती सुरू करण्याचे धोरण आहे.

रुग्ण गांजाबद्दल डॉक्टरांशी बोलायला कचरतो, हे समजण्यासारखे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भांगेची पाने त्या कायद्यातील व्याख्येबाहेर असली तरी राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतात. पण न सांगितलेला गांजा उपचारात अडथळा आणतो: रिटोनाव्हिरसारखी एचआयव्हीची काही औषधे टीएचसीचे विघटन मंदावून नशा वाढवू शकतात, तर डोलुटेग्राव्हिरबाबत अशी मोठी अडचण अपेक्षित नसते. गंमत म्हणजे पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या इफाव्हिरेन्झमुळे लघवीची प्राथमिक गांजा-चाचणी, गांजा न घेताही, पॉझिटिव्ह येऊ शकते.