वाढवलेला जोर कोणत्या चाकांनी पेलावा? बिदर-कलबुर्गीच्या रस्त्यांवरील हॅचबॅकचा विचार

हॅचबॅक मोटारीच्या इंजिनाचा जोर उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवून घेण्याला बोलीत ‘ट्यूनिंग’ किंवा ‘रिमॅप’ म्हणतात. टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल इंजिनात हे काम नियंत्रक संगणकातील आकडे बदलून, एकही सुटा भाग न बदलता करता येते. जोर किती वाढेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तो जोर जमिनीपर्यंत कोणत्या चाकांनी पोचवायचा, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुधा पैसे मोजून झाल्यावर सुचतो. फक्त पुढची दोन चाके ओढणारी फ्रंट-व्हील ड्राइव्ह मोटार पुरेशी आहे, की चारही चाकांना चालना देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह मोटार हवी?

या प्रश्नाचे उत्तर मोटारीइतकेच रस्त्यावर अवलंबून असते, आणि त्या दृष्टीने कर्नाटकातील बिदर व कलबुर्गी हे सीमावर्ती जिल्हे बोलके उदाहरण ठरतात. बिदरमधील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद हे तालुके महाराष्ट्राला लागून आहेत. तेथे मराठी घरोघरी ऐकू येते. गोमंतकीयांनाही हा भाग परका नाही. अक्कलकोटसोबत भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूरचे दर्शन घेणारे भाविक कोणी बेळगाव-विजयपूरकडून, तर कोणी सोलापूरकडून याच रस्त्यांवर उतरतात. चोर्ला किंवा अनमोड घाटात नीट चाललेली मोटार इथे वेगळी का वागते, असा अनुभव काहींना येतो. त्याचे कारण जमिनीत आहे.

बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. गोव्यात ज्याचे चिरे काढतात, तोच हा दगड. जांभ्यावरचा रस्ता पाणी लवकर सोडतो आणि त्याची बैठक टिकते. पठाराची कड उतरून भालकी, हुमनाबाद किंवा कलबुर्गीच्या दिशेने निघाले, की भारी काळी जमीन सुरू होते. या मातीतील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळतात. डांबराखालची जमीनच दरवर्षी अशी वरखाली होत असल्याने रस्त्याला लांबट लाटा पडतात. लाटेच्या माथ्यावर मोटारीचा भार क्षणभर चाकांवरून उचलला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी जोर दिलेला असेल तर पुढची चाके जागच्या जागी फिरतात.

त्याहून कठीण प्रसंग पावसाळ्यात आणि ऊसतोडीच्या दिवसांत येतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. तिच्यावर हलकी सर पडली की साबणासारखा थर तयार होतो. पाऊस गोव्यात याहून कितीतरी जास्त. तेथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, बिदरमध्ये त्याचा एक तृतीयांशही नाही. पण गोव्यातला मुसळधार पाऊस रस्ता धुऊन काढतो, इथली रिमझिम तो माखून ठेवते. मोटारीच्या पकडीच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक वाईट.

आता थोडा हिशेब. चालकासह १,२०० किलो वजनाची फ्रंट-व्हील ड्राइव्ह हॅचबॅक घेऊ. तिचे ६२ टक्के वजन, म्हणजे ७४४ किलो, पुढच्या चाकांवर आहे. मोटार वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो. कोरड्या डांबरावर पूर्ण ताकदीने वेग घेताना पुढच्या चाकांवर सुमारे ६२० किलोच उरतात. ज्या चाकांनी ओढायचे त्यांच्यावरचाच भार ओढण्याच्या क्षणी कमी व्हावा, ही या रचनेची मूळ अडचण. कोरड्या डांबराची पकड ०.९ धरली, तर पुढची चाके मिळून सुमारे १,६४० न्यूटन-मीटर टॉर्क जमिनीला देऊ शकतात. ओल्या डांबरावर ही मर्यादा ९९० पर्यंत उतरते आणि काळ्या मातीने माखलेल्या रस्त्यावर ५२० च्या आसपास येते.

समोरच्या बाजूला इंजिनाचा हिशेब मांडू. मूळ टॉर्क १७५ न्यूटन-मीटर आहे आणि रिमॅपनंतर तो २३० झाला असे समजू. दुसऱ्या गिअरचे एकूण गुणोत्तर आठ, तिसऱ्याचे ५.३ आणि चौथ्याचे चार धरून, शिवाय वाटेतील घर्षणाचे दहा टक्के वजा करून, चाकांपर्यंत पोचणारा टॉर्क काढता येतो. मूळ इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये १,२६० देते. कोरड्या रस्त्यावर ते सहज पेलते. रिमॅपनंतर हाच आकडा १,६५६ होतो, म्हणजे मर्यादेला टेकतो. ओल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मूळ इंजिन ८३५ देते आणि चाके घसरत नाहीत. रिमॅप केलेले इंजिन जवळपास १,१०० देते आणि चाके घसरतात. थोडक्यात, रिमॅपमुळे घसरण एक गिअर वर सरकते.

हा एक गिअर क्षुल्लक नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाक फिरले तर सिग्नलजवळ थोडा आवाज होतो, इतकेच. या उदाहरणातील मोटार तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार फेऱ्यांना ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने धावत असते. बिदर-हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावर सिमेंटने किंवा उसाने भरलेली ट्रक ओलांडायला निघतानाचा वेग साधारण तोच असतो. समोरून वाहन येत असताना पुढची चाके फिरू लागली, तर ओढ जाते आणि तिच्याबरोबर स्टीअरिंगही हलके पडते. वळवणे आणि ओढणे ही दोन्ही कामे त्याच दोन टायरांकडे असल्याने एक गमावले की दुसरेही जाते.

ऑल-व्हील ड्राइव्हचा लाभ इथे स्पष्ट दिसतो. भार मागे सरकला तरी मागची चाकेही ओढत असल्याने तो वाया जात नाही. माखलेल्या रस्त्यावर फ्रंट-व्हील ड्राइव्हची मर्यादा ५२० असताना चार चाकांची मोटार ९०० च्या घरात जाते. रॅलीच्या मैदानात हा वाद केव्हाच मिटला. गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ या वर्षी आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद ज्या स्कोडा फाबियातून जिंकले, तिच्या चारही चाकांना चालना होती; भारतीय दालनांत विकली गेलेली फाबिया मात्र केवळ पुढच्या चाकांवर चालत असे. रूप तेच, यंत्र निराळे.

परंतु हा लाभ वेग घेण्यापुरता आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात; थांबण्यात ऑल-व्हील ड्राइव्हला कोणताही वरचष्मा नाही. उलट जादा दंड, मागचा डिफरन्शियल आणि क्लच यांचे ७० ते १०० किलो वजनही थांबवावे लागते. चाकाखाली पाण्याची चादर आली तर तरंगणेही टळत नाही. धोका असा, की चार चाकांची मोटार माखलेल्या रस्त्यावरही बिनतक्रार वेग घेते आणि रस्ता निसरडा असल्याची सूचना चालकाला मिळतच नाही. ती मिळते ती ब्रेक दाबल्यावर. फ्रंट-व्हील ड्राइव्ह मोटार निदान आधी कुरकुर करते.

बाजारात पाहिले तर निवड आपोआप अरुंद होते. भारतात जोरकस म्हणून नाव मिळवलेल्या बहुतेक हॅचबॅक फ्रंट-व्हील ड्राइव्हच आहेत: १७५ न्यूटन-मीटरची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २१२ न्यूटन-मीटरची अबार्थ पुंटो, १५० ची बलेनो आरएस, १७२ ची ह्युंदाई आय२० एन लाइन, १७० ची टाटा अल्ट्रोझ रेसर. २०२५ मध्ये सुमारे ५३ लाखांना आलेली गोल्फ जीटीआय २६५ अश्वशक्तीची असूनही पुढच्या चाकांवरच चालते. तिचा भरवसा विद्युत-नियंत्रित डिफरन्शियल लॉकवर आहे. चार चाकांची हॅचबॅक हवी तर मर्सिडीजची ए ४५ एस होती, २०२१ मधील तिची किंमत साडेएकोणऐंशी लाख. जपानमध्ये साधी स्विफ्टसुद्धा ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मिळते, भारतात मिळत नाही. मधल्या किमतीत पर्याय नाही.

यातून काही हौशी मंडळी परदेशी सुटे भाग आणून फ्रंट-व्हील ड्राइव्ह मोटारीलाच चार चाकांची चालना बसवण्याचा विचार करतात. त्यासाठी मोटारीचा तळ कापावा लागतो, इंधनाची टाकी हलवावी लागते, मागचे सस्पेन्शन बदलावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम सोसवेल. अपघातानंतर विमा कंपनीने दावा नाकारला तर ते सोसवणारे नाही. न कळवलेला रिमॅपही याच कात्रीत सापडू शकतो, म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारणे शहाणपणाचे.

ऑल-व्हील ड्राइव्हची आणखी एक अडचण दालनात कोणी सांगत नाही. पुढच्या-मागच्या चाकांचा घेर जवळजवळ सारखा नसेल, तर मधल्या क्लचवर सतत ताण येतो आणि तो तापून निकामी होतो. त्यामुळे एक टायर फुटला तरी पुष्कळदा जोडी, कधी चारही बदलावे लागतात. आळंद किंवा औरादमध्ये त्याच मापाचे, त्याच बनावटीचे चार टायर ऐनवेळी मिळण्याची शक्यता कमी. मग कलबुर्गीहून सुमारे ११० किलोमीटरवरचे सोलापूर किंवा बिदरहून सुमारे १४० किलोमीटरवरचे हैदराबाद गाठावे लागते.

या प्रदेशात राहणाऱ्या वा वरचेवर जाणाऱ्या माणसासाठी फ्रंट-व्हील ड्राइव्हच योग्य ठरते, पण तिच्यावर खर्च कोठे करायचा याचा क्रम बदलून. पहिला मान टायरांचा. त्यानंतर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, अर्थात कायद्याची वरची अट त्यालाही लागू आहे हे गृहीत धरून. ट्रकला वाट देताना डावी चाके डांबराखाली मातीत उतरतात. साध्या डिफरन्शियलमध्ये मातीतले चाक जेवढे ओढेल तेवढेच डांबरावरचेही ओढते, बाकीची पकड वाया जाते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ती वापरू देतो. मात्र त्याने स्टीअरिंग एका बाजूला ओढले जाते, सवय होईपर्यंत दोन्ही हात चाकावर हवेत. रिमॅप करायचाच असेल, तर खालच्या तीन गिअरांत टॉर्कला मर्यादा घालून घ्यावी. ही सोय अनेक नियंत्रकांत उपलब्ध असते. पोलोच्या जुन्या सात गिअरच्या स्वयंचलित पेटीची सहनशक्ती २५० न्यूटन-मीटरची आहे, म्हणजे २३० च्या पुढे फारशी जागा नाहीच. कलबुर्गीत मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना टर्बोत जाणारी हवा आधीच तापलेली असते आणि कागदावरचा वाढीव जोर प्रत्यक्षात पूर्ण मिळतही नाही. मोटार खाली उतरवून घेण्याची हौस तर काळ्या जमिनीतल्या लाटांच्या रस्त्यावर टाळलेलीच बरी. स्प्रिंगची हालचाल कमी झाली की चाक जमीन लवकर सोडते.

टायरांच्या बाबतीत एक रूढ चूक सुधारायला हवी. फ्रंट-व्हील ड्राइव्ह मोटारीचे पुढचे टायर लवकर झिजतात, ट्यून केलेल्या मोटारीचे तर अधिकच. म्हणून दोनच नवे घेतले की ते पुढे बसवण्याचा प्रघात आहे. ते मागे बसवावेत आणि मागचे चांगले टायर पुढे आणावेत. पुढची चाके घसरली तर पाय काढल्यावर मोटार सावरते. मागची घसरली तर ती गिरकी घेते आणि ती गिरकी सामान्य चालकाला आवरत नाही. कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. काळ्या मातीच्या रस्त्यावर ती तीनवर आली, की पावसाळ्याची वाट न पाहता टायर बदलावेत.