बॉम जेझूचा गिलावा

जुने गोवे पाहावयास आलेला प्रवासी बॉम जेझूच्या बासिलिकेसमोर उभा राहिला म्हणजे तिच्या तांबड्या, उघड्या भिंती पाहून म्हणतो, ‘केवढी ही प्राचीनता!’ शाळेच्या सहलींत आम्हीही विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे हेच सांगत आलो. ते चुकीचे होते, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

१५९४ साली आरंभ झालेली व १६०५ साली अभिषिक्त झालेली ही वास्तू उघडी ठेवण्यासाठी बांधलेलीच नव्हती. दर्शनी भागातील कोरीव काम वसईकडून आणलेल्या काळ्या दगडाचे आहे. भिंती मात्र जांभ्याच्या. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो; परंतु त्याची छिद्रे बुजत नाहीत. जेथे वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस कोसळतो, तेथे असा दगड पाणी पितो आणि कणाकणाने झडतो. म्हणून गोव्याच्या गवंड्यांनी त्याला चुन्याचे कवच घातले.

शिंपले भट्टीत भाजून कळीचा चुना करावयाचा, तो पाण्यात विरवावयाचा, वाळू घालून मळावयाचा आणि थापीने भिंतीवर चढवावयाचा. हवेतील कर्बवायू शोषून तो सावकाश पुन्हा दगडासारखा होतो. तरीही भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकते. पावसाचा मारा आणि क्षारांची झीज तो स्वतःवर घेतो. त्याची डागडुजीही साधी. भिंत ठोकून पाहावी. पोकळ आवाज येईल तेवढाच भाग काढावा, जागा भिजवून नवा थर द्यावा आणि पावसाळा सरला की सफेदी करावी. गिलावा झिजावा आणि भिंत टिकावी, हाच त्यातील हेतू.

१९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली हा गिलावा उतरविण्यात आला. वास्तू अधिक जुनी दिसावी, ही त्यामागील दृष्टी. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट जांभ्यावर कोसळत आहे. २०२० साली बासिलिकेच्या प्रमुख धर्मगुरूंनी पुन्हा गिलावा करण्याची जाहीर मागणी केली, ती याच कारणाने.

मग सिमेंटच का लावू नये, असे कोणी विचारील. सिमेंट जांभ्याहून कठीण असते; ते आतली ओल कोंडते आणि सुटताना दगडाचा पापुद्रा सोबत घेऊन येते. बाहेरून लावलेल्या प्लॅस्टिक रंगाच्या थरानेही ओल अशीच कोंडते.

प्राचीनतेच्या प्रेमापोटीच येथे प्राचीन वास्तूचे अंगावरचे वस्त्र गेले, आणि जे रूप तिला कधी नव्हते तेच आता लोकांस मूळचे वाटते. इतिहास शिकविणाऱ्यांनी तरी हा भ्रम पुढच्या पिढीच्या हाती देऊ नये. यापुढे आम्ही विद्यार्थ्यांना आधी समोरच्या से कॅथेड्रलच्या शुभ्र भिंतींपाशी नेणार आहोत, आणि मगच रस्ता ओलांडणार आहोत.