१६ एप्रिल १९२१ : मुळशी सत्याग्रहाची सुरुवात

रामनवमीचा दिवस होता. मुळशी पेट्यातले सुमारे बाराशे मावळे टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी हे धरण बांधले जात होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. या लढ्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. लढा १९२४पर्यंत चालला. धरण मात्र झालेच.

१६ एप्रिल म्हटले की सगळ्यांना १८५३ची बोरीबंदर-ठाणे रेल्वे आठवते. हिंजवडीने मात्र मुळशी आधी आठवावी. आयटी पार्कच्या पाट्यांवर मुळशीचे नाव दिसत नसले, तरी हे गाव मुळशी तालुक्यातच आहे. इथल्या शेतांवरही एमआयडीसीचे शिक्के पडले आणि भात-उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या. मोबदला मिळाला, काहींची घरे उभी राहिली हे खरे. पण जमीन कुणाच्या गरजेसाठी घ्यायची आणि किंमत कोणी ठरवायची, हा १९२१चा वाद पुढच्या प्रत्येक भूसंपादनात नव्याने निघतो.

पाण्याचेही तेच. मुळशीचे पाणी आजही सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जाते, तर मुळेच्याच खोऱ्यातल्या हिंजवडीत उन्हाळ्यात सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे असतात. आणि एक योगायोग : हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या उभारणीतही टाटा समूह आहे.