प्रोग्रेसिव्ह प्रेस : सुधारणा आणि जुळवणी (पिंपरी-चिंचवड-चाकण पट्टा)

पत्र्याची अखंड पट्टी एकाच डायमध्ये ओळीने मांडलेल्या टप्प्यांतून पुढे सरकवत छिद्र पाडणे, वाकवणे, आकार देणे आणि अखेर जॉब कापून वेगळा करणे ही सर्व कामे दर स्ट्रोकला वेगवेगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी उरकणारी पॉवर प्रेस. डायमध्ये सहा टप्पे असतील तर पट्टीचा प्रत्येक तुकडा सहा स्ट्रोक खातो. मात्र पट्टी एकदा भरली की दर स्ट्रोकला एक तयार जॉब खाली पडतो. ब्रॅकेट, क्लिप, वॉशर, विद्युत टर्मिनल, मोटरचे लॅमिनेशन, सीटच्या यंत्रणेतील लहान भाग असे दुचाकी-चारचाकीत लाखांनी लागणारे सुटे भाग या पद्धतीने होतात. पुण्याच्या उत्तरेकडील औद्योगिक पट्ट्यात अशा प्रेस शेकडो शेडमध्ये चालतात. त्यांतल्या पुष्कळ जुन्या किंवा दुसऱ्या हाताने घेतलेल्या असल्याने त्या सुरळीत चालवण्याची विद्या येथे नवी प्रेस विकत घेण्याच्या ऐपतीपेक्षा मोलाची ठरते.

पट्ट्याची घडण : पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागात भूखंड पडले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज ऑटो या मोठ्या कारखान्यांनी आपल्याभोवती पुरवठादारांची फळी उभी केली. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुण्यात डाय आणि यंत्रे स्वतः घडवण्यावर भर दिला. तिथे हात बसलेले अनेक टूलमेकर पुढे स्वतःचे शेड टाकून बसले. चाकणमध्ये फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, बजाज यांचे कारखाने आल्यावर मागणीचा दर्जा बदलला. पूर्वी चालून जाणारी बर (कापलेल्या कडेला उरणारी धारदार कोर) असलेले जॉब आता परत येऊ लागले, आणि जॉबच्या मापाबरोबर प्रत्येक लॉटची नोंदही मागितली जाऊ लागली.

क्रमाक्रमाने आकार देण्याचे हे तत्त्व या परिसरात मोटारीच्याही आधीचे आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतुसाचे कवच सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेचे. चकतीची वाटी, वाटीची लांबट नळी, मध्येमध्ये भट्टीत मऊ करणे, मग बूड ठोकणे आणि तोंड छाटणे अशा टप्प्यांनी ते घडते. परदेशात नेमबाज घरी काडतुसे पुन्हा भरायला वापरतात त्या हाताच्या प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्येही फिरत्या तबकडीवरचे प्रत्येक कवच दर ओढीला एक टप्पा पुढे जाते. चाकणचा ब्रॅकेट असो वा काडतूस, दुखणी सारखीच असतात : तुकडा नेमक्या जागी न पोहोचणे, हत्यार तिरके उतरणे, आणि एका टप्प्याची चूक सगळ्या टप्प्यांवर पसरणे.

प्रेसची मूळ तब्येत : डाय खराब निघाली की पहिला दोष टूलरूमला दिला जातो. पुष्कळदा तो प्रेसचा असतो. क्रँकशाफ्टचे बुश, कनेक्टिंग रॉडचा बॉल आणि त्याची बैठक, वरची डाय धरून वर-खाली होणाऱ्या रॅमला सरळ ठेवणाऱ्या गिब या तीन ठिकाणची झीज आधी मोजली पाहिजे. पद्धत साधी आहे. मुख्य वीज तोडून कुलूप लावायचे, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचे, बॅलन्स सिलिंडरची हवा सोडायची. रॅम तळाच्या बिंदूवर आणून खाली हायड्रॉलिक जॅक लावायचा आणि डायल गेज टेकवून रॅम हलकेच वर उचलायचा. काटा जितका सरकला तितकी उभी ढिलाई. मग बोल्स्टरवर (खालची डाय बसते त्या पाटावर) गेज फिरवून रॅमचे तोंड चारही कोपऱ्यांत समांतर आहे का ते पाहायचे. गिब आवळताना घाई चालत नाही. कांस्याच्या पट्ट्या तापल्यावर फुगतात, म्हणून आवळल्यानंतर प्रेस काही वेळ रिकामी चालवून, पुन्हा बंद करून त्या हाताने चाचपाव्या लागतात.

भोसरीत बहुसंख्येने दिसणाऱ्या सी-फ्रेम प्रेसचा एक उपजत दोष आहे. भार आला की तिचा जबडा किंचित उघडतो आणि पंच डायमध्ये तिरका शिरतो. त्यामुळे रिकाम्या अवस्थेत समांतर दिसणारी प्रेस कामावर तशी राहीलच असे नाही. पंचाची एकच बाजू झिजत असेल, जॉबच्या एकाच कडेला बर येत असेल, तर शंका या उघडण्यावर घ्यावी. जबड्याला समोरून टाय रॉड लावल्याने बराच फरक पडतो. जड डाय एच-फ्रेम प्रेसवर हलवणे हा खरा उपाय.

बॅलन्स सिलिंडरकडे फार दुर्लक्ष होते. रॅम आणि वरची डाय यांचे वजन हवेच्या दाबावर तोललेले असले, तर सांध्यांतली ढिलाई एकाच बाजूला राहते. दाब कमी पडला की रॅम प्रत्येक स्ट्रोकला आधी खाली लोंबकळतो आणि पत्र्याला टेकताच वर ढकलला जातो. तो खडखडाट शेडच्या दारापर्यंत ऐकू येतो. वरच्या डायचे वजन बदलले की दाबही बदलला पाहिजे. डायवर तिचे वजन आणि लागणारा दाब रंगाने लिहून ठेवण्याची काही सेटरांची सवय सर्व शेडनी उचलावी अशी आहे.

टनेज आणि झटका : कापण्यासाठी लागणारा जोर म्हणजे कापाची एकूण लांबी गुणिले जाडी गुणिले धातूची कर्तन-ताकद. २०० मिमी. परिघ, २ मिमी. पत्रा आणि ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी. ताकद धरली तर १,४०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १४ टन. आकडा ६३ टनी प्रेसला किरकोळ वाटतो. पण खरे नुकसान पुढच्या क्षणी होते. पत्रा तुटताच ताणलेली फ्रेम एकदम सुटते आणि रॅम खाली झेपावतो. हा उलटा भार प्रेसच्या नाममात्र क्षमतेच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंतच सोसवतो असे मानतात. मोटारींत जास्त ताकदीचा पत्रा आल्यापासून हा झटका वाढला आहे. जुन्या प्रेसचे बोल्ट सैल होणे आणि बुश लवकर जाणे यामागे तो असतो. सगळे पंच एकाच उंचीचे न ठेवता निम्मे थोडे आखूड करणे, किंवा पंचाच्या तोंडाला उतार देणे, हे स्वस्त आणि हमखास उपाय आहेत. टनेज मॉनिटर बसवला तर पंच बोथट होत चालल्याचे जॉब बिघडण्याआधीच कळते.

फीड आणि पायलट : प्रेस दर मिनिटाला ६० स्ट्रोकने चालत असेल तर एक फेरा एका सेकंदाचा. रॅम वर असताना क्रँकचा जेमतेम अर्धा फेरा पट्टी सरकवायला मिळतो, म्हणजे अर्धा सेकंद. जुन्या रोल फीडरला क्रँककडून दांड्याने चाल मिळते आणि सांधे झिजले की पिच (दर स्ट्रोकला पट्टी सरकण्याचे अंतर) डगमगते. सर्वो फीडर बसवणे ही या पट्ट्यात सर्वाधिक केली जाणारी सुधारणा, आणि योग्यच. तिच्यासोबत एक गोष्ट जुळवली नाही तर पैसे वाया जातात. पायलट (पट्टी नेमक्या जागी आणणाऱ्या टोकदार पिना) पट्टीच्या छिद्रात शिरू लागतात त्याच क्षणी फीडरच्या रोलांनी पट्टी मोकळी सोडली पाहिजे. लवकर सोडली तर कॉइलच्या लूपचे वजन पट्टी मागे ओढते. उशिरा सोडली तर पायलट छिद्र लांबवतो. छिद्रे लंबगोल दिसू लागली की सेटरने पिच बदलण्याआधी रोल पट्टी सोडतात तो क्रँकचा कोन तपासावा. डिकॉइलर आणि स्ट्रेटनरही याच कामाचे भाग आहेत, कारण वाकडी पट्टी कोणताही फीडर नेमकी पोचवू शकत नाही.

डायमध्ये पंच आणि डाय यांतले अंतर मऊ पोलादासाठी एका बाजूला जाडीच्या सुमारे ५ ते १० टक्के ठेवतात, २ मिमी. पत्र्याला ०.१ ते ०.२ मिमी. धार लावल्यावर जितके घासले गेले तितकी शिम खाली घालावी लागते, नाहीतर टप्प्यांच्या उंचीचा मेळ मोडतो. ग्राइंडिंगच्या चुंबकी टेबलावरून आलेला पंच डिमॅग्नेटाइज न करता बसवला तर कापलेली चकती त्याला चिकटून वर येते आणि पुढच्या स्ट्रोकला डाय चिरडते. पंचात स्प्रिंगची इजेक्टर पिन घालणे हा त्यावरचा पक्का इलाज. चकती न पडल्यास किंवा पट्टी अडकल्यास प्रेस थांबवणारा सेन्सर एक मोठा अपघात टाळूनच आपली किंमत वसूल करतो.

पावसाळा : मावळाच्या कडेला असलेल्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतले पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचते आणि एअर लाइनमधून क्लच-ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. व्हॉल्व्ह चिकटला की रॅम थांबायला उशीर होतो. म्हणून टाकी रोज रिकामी करणे, एअर ड्रायर लावणे आणि क्लचसाठी दुहेरी सुरक्षा व्हॉल्व्ह वापरणे याला पर्याय नाही. कॉइलवर आलेला गंज फीडरचे रोल आणि पंच दोन्ही खातो. कॉइल जमिनीवर न ठेवता लाकडी पाटांवर झाकून ठेवतात.

हात : जुन्या रोलिंग की क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पाय दाबला की रॅम पूर्ण फेरा करूनच थांबतो, मध्येच अडवता येत नाही. न्यूमॅटिक घर्षण क्लच-ब्रेक, दोन हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे आणि लाइट कर्टन (हात आड येताच प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) यांनी ही उणीव भरून निघते; मात्र लाइट कर्टन की क्लचवर निरुपयोगी आहे, कारण थांबवण्याची क्षमताच तिथे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक भागांना कुंपण घालणे बंधनकारक केले. या पट्ट्यात बोटे गमावलेल्या कामगारांची संख्या कायदा असूनही थोडी नाही. त्यातले कितीतरी अपघात अडकलेला जॉब हाताने काढताना झाले आहेत. वेग वाढवणारी सुधारणा करताना संरक्षक जाळी काढून ठेवणारा मालक सुधारणा करत नाही.

डाय बदलण्याचा वेळ : शिगेओ शिंगो यांनी टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. त्यांचे मुख्य सूत्र प्रेस चालू असताना करता येणारी तयारी आधीच उरकण्याचे होते. डायच्या बुडाची उंची एकसारखी ठेवणे, क्लॅम्पचे बोल्ट एका मापाचे करणे, नवी कॉइल आधीच डिकॉइलरजवळ आणणे एवढ्यावरही लहान शेडमध्ये वेळ ठळकपणे घटतो.

खर्चाचा क्रम ठरवायचा झाल्यास सुरक्षा आणि क्लच पहिले, मग गिब-बुश आणि बॅलन्स सिलिंडर, त्यानंतर फीडर, आणि वेग सर्वांत शेवटी. ढिल्या रॅमवर बसवलेला सर्वो फीडर डाय अधिक अचूकपणे मोडतो.